कोणालाच नको असलेला ऑर्गन

मे १७११चे शेवटचे दिवस. बोस्टन बंदराकडून येणाऱ्या वाऱ्याला डांबर, सुकी मासळी आणि लाकडाच्या धुराचा वास आहे. गाव नऊ-दहा हजार वस्तीचं. रविवारी इथे रस्त्यावर चिटपाखरू नसतं, पण आज कामाचा वार आहे, म्हणून गाड्यांचा खडखडाट ऐकू येतो. तुम्ही थॉमस ब्रॅटल यांच्या दारात उभे आहात. तुमच्यापुढे काळ्या कोटातले एक गृहस्थ आत शिरताहेत, ते जोसेफ ग्रीन, सेलम खेड्याचे पाळक. तेच सेलम, जिथे १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून माणसं फासावर चढवली गेली. त्याच वर्षी या घराच्या मालकाने त्या खटल्यांतल्या पुराव्याची पिसं काढणारं एक पत्र लिहिलं होतं. दोघे आज त्या विषयावर बोलत नाहीत. यजमानांना पाहुण्याला काहीतरी दाखवायची घाई झाली आहे.

ब्रॅटल श्रीमंत व्यापारी, हार्वर्ड कॉलेजचे खजिनदार, अविवाहित, आणि आकाश बघत बसणारे. १६८०च्या धूमकेतूची त्यांनी केलेली निरीक्षणं न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया'त वापरली. त्यांच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आहे. ग्रीन त्याला डोळा लावतात आणि पुष्कळ वेळ काढत नाहीत. मग यजमान तुम्हाला आतल्या दालनात नेतात. भिंतीशी लाकडाचं मोठं कपाट उभं असावं असं वाटतं. त्याला पट्ट्यांची एकच रांग आहे आणि मागे भाता. हा ऑर्गन इंग्लंडहून जहाजातून आला.

आपल्या संगीत नाटकात रंगमंचापुढे वाजायचा तो ऑर्गन डोळ्यांपुढे आणू नका. तो पायपेटीचा. त्यात धातूच्या पत्त्या हवेने थरथरतात. इथे हवा नळ्यांमधून जाते, म्हणजे ही मुळात बासऱ्यांची फौज आहे. (पायपेटीच्या जातीचे ऑर्गन पुढे लाखांनी बनवणारा एस्टी कारखाना व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो गावी निघाला, आणि त्या गावाला नाव मिळालं ते या ब्रॅटलसाहेबांच्या पुतण्यावरून. इतिहासाला कधी कधी असे फाजील योगायोग जुळवायची हौस असते.) यजमान पट्टी दाबतात. स्वर उमटण्याआधी लाकडी नळीतून हवेचा बारीकसा 'फ' ऐकू येतो, आणि मग खोली भरते. ग्रीन स्तब्ध. या वसाहतीत वाढलेल्या माणसाने असलं वाद्य कधी ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. घरी जाऊन ते रोजनिशीत एका ओळीत दोन्ही गोष्टी टिपतील, ऑर्गन ऐकला आणि सूक्ष्मदर्शकातून विलक्षण गोष्टी पाहिल्या. त्यांच्या लेखी दोन्ही नवलं एकाच जातीची.

आता दोन वर्षं पुढे चला. मे १७१३मध्ये ब्रॅटल वारतात. मृत्युपत्रात ऑर्गनची सोय आहे. तो आधी ब्रॅटल स्क्वेअरच्या चर्चला द्यायचा. हे त्यांचंच चर्च, जमीनसुद्धा त्यांनी दिलेली, आणि बोस्टनच्या प्युरिटन मंडळींत त्यातल्या त्यात मोकळ्या विचारांचं. अट एवढीच की त्यांनी वर्षाच्या आत चांगला वाजवणारा कोणी सभ्य माणूस नेमावा. त्यांना नको असेल तर किंग्ज चॅपलला द्यावा.

ब्रॅटल स्क्वेअर चर्चच्या जुलैमधल्या बैठकीत मागच्या बाकावर बसा. कोणी आवाज चढवत नाही, ब्रॅटल यांच्याबद्दल कोणी वावगं बोलत नाही. दिवंगताच्या औदार्याबद्दल आभार आहेतच. मात्र देवाच्या सार्वजनिक उपासनेत असलं वाद्य वापरणं मंडळीला उचित वाटत नाही. या परंपरेत स्तोत्रसंहिता गायची ती माणसाच्या गळ्याने, आणि बाकी सगळा रोमचा थाटमाट. ठराव होतो. ज्या माणसाच्या जमिनीवर ही भिंत उभी आहे त्याचीच भेट परत पाठवून मंडळी जेवायला घरी जातात. (याच वर्षी नोव्हेंबरात तिकडे शाहू महाराज बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं देतील. आपापल्या गावी प्रत्येकाला आपलंच वर्ष महत्त्वाचं वाटत असतं.)

किंग्ज चॅपल म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची बोस्टनमधली शाखा, राज्यपालांचं आणि सरकारी अधिकाऱ्यांचं देऊळ. बोस्टनकरांनी त्यासाठी जागा विकायला नकार दिला, तेव्हा राज्यपालाने दफनभूमीचा कोपरा घेऊन ते लाकडी देऊळ उभं केलं होतं. शेजारी बिचकूनच असायचे. ऑर्गन तिथे जातो खरा, पण महिनोन्महिने खोकी उघडलीच जात नाहीत. तुम्ही त्या खोक्यांवरून हात फिरवा, हवं तर कान लावा. हे वाद्य वाजवू शकेल असा माणूस शोधायला पत्र लंडनला जायला हवं.

१७१४ सरता सरता तो माणूस येतो, एडवर्ड एन्स्टन. पगार वर्षाला तीस पौंड. त्यात भागणार नाही हे नेमणाऱ्यांनाही ठाऊक आहे, म्हणून त्याने संगीत आणि नृत्य शिकवून वरकमाई करावी असं आधीच ठरलं आहे. नृत्य! प्युरिटन बोस्टनमध्ये! दोन वर्षांत तो वर्तमानपत्रात जाहिरात देईल की बासऱ्या, ओबो, व्हायोलिनं विकत मिळतील, स्पिनेटच्या तारा बसवून मिळतील. चर्चमधल्या वादकाचं पोट चर्चवर कधीच भरत नाही, ही रीत अमेरिकेत पहिल्या नोकरीपासून चालू आहे.

पण ज्यांनी ऑर्गन नाकारला त्यांचं गाणं कसं चाललं होतं, हे एकदा ऐकून घ्या, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. फेब्रुवारी १७१८, बोस्टनचं साउथ चर्च. शेगडी नाही, श्वास दिसतो. चाल लावून देणारे आहेत न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल, वय पासष्ट. सेलमच्या खटल्यांत न्यायासनावर बसलेले आणि नंतर भर चर्चमध्ये उभं राहून चूक कबूल केलेले ते हेच. चोवीस वर्षं ते इथे चाल लावून देताहेत. हातात वाद्य नाही, मनातल्या स्वरावर सगळी मदार. मंडळीला चाली येतात जेमतेम डझनभर, त्याही एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. ते 'यॉर्क' नावाची चाल उचलतात. पहिली फेरी नीट जाते. दुसऱ्या फेरीत उजवीकडच्या बाकांवरून कोणीतरी 'सेंट डेव्हिड'कडे घसरतं, शेजारी त्याच्यामागे, आणि बघता बघता सगळं देऊळ दुसऱ्याच चालीत. न्यायाधीशमहाराज एकटे यॉर्कमध्ये उभे. तीन आठवड्यांपूर्वीही असंच झालं होतं. त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. लवकरच ते पाळकांना सांगतील की आता हे काम दुसऱ्याला द्या.

तुम्हाला हसू येतं, पण शेजारच्या म्हातारीकडे बघा. तिचे डोळे मिटलेले आहेत, ती प्रत्येक स्वराला आपल्या मर्जीने हेलकावे देते आहे, तिच्या पुढची बाई वेगळे हेलकावे देते आहे. सगळे एका ओळीच्या शेवटाला कधीतरी पोचतात. हे ऐकून १७२०च्या दशकात काही तरुण पाळक खवळून उठले आणि नोटेशन वाचून गाण्याची पत्रकं काढू लागले. न्यूबरीचे जॉन टफ्ट्स यांनी तर स्वरचिन्हांऐवजी ओळींवर अक्षरंच छापून सोपी पुस्तिका काढली. त्यावर गावोगाव भांडणं झाली. जुन्या मंडळींचं म्हणणं असं की आमच्या आजाने गायलं तसं आम्ही गाणार, कागदात बघून कसली भक्ती? मला दोन्ही पक्षांबद्दल माया आहे. पण त्या वितंडवादातूनच न्यू इंग्लंडमधला चर्चचा क्वायर जन्माला आला, एवढं मात्र खरं.

किंग्ज चॅपलने पुढे दगडी इमारत बांधली आणि लंडनहून नवा, भारदस्त ऑर्गन मागवला. आता हा लहानगा अडचणीचा झाला. १७५६मध्ये तो किनाऱ्याने उत्तरेकडे न्यूबरीपोर्टच्या सेंट पॉल्स चर्चला विकण्यात आला. इथून पुढे या वाद्याचं नशीब ठरून गेलं. मोठ्या देवळाने टाकायचं, लहान देवळाने उचलायचं. मोठ्या देवळांतले त्याच्या वयाचे बाकीचे ऑर्गन सुधारून सुधारून संपले. याला सुधारायला कोणाकडे पैसेच नव्हते.

१७७०च्या हिवाळ्यात न्यूबरीपोर्टला उतरा. जहाजबांधणीचं गाव. करवतीचा भुसा बर्फात मिसळून रस्ते पिवळट झाले आहेत. सेंट पॉल्सच्या शेजारचं घर डॅनियल बेली यांचं. त्यांचा धंदा कुंभाराचा. अंगणात भट्टी, फळीवर तांबडी झिलई दिलेली मडकी, आणि त्याच घरात गाण्याच्या पुस्तकांचे गठ्ठे. हा माणूस मडकी भाजतो आणि पुस्तकं छापून विकतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर पत्ताच मुळी असा की सेंट पॉल्स चर्चच्या शेजारी. गेल्या वर्षी त्याने 'अमेरिकन हार्मनी' नावाचं पुस्तक काढलं. त्यातल्या चाली टॅन्सर आणि विल्यम्स या दोन इंग्रज संगीतकारांच्या, त्यांच्या परवानगीचा प्रश्न कोणाला पडलेला नाही. अमेरिकन म्हणण्यासारखं त्यात फक्त नाव आणि छापखाना. कुंभाराच्या तोंडी भक्तीचं गाणं असावं याचं आपल्याला गोरोबाकाकांमुळे नवल नाही, पण पुस्तकविक्रेता कुंभार आपल्याकडेही झाला नसेल.

संध्याकाळी गाण्याची शाळा आहे. येताना आपली मेणबत्ती आपण आणायची. खोलीत पंचवीस-तीस तरुण मुलंमुली, लाकडी बाकं घोड्याच्या नालासारखी मांडलेली. मास्तर लाकडी पिचपाइपमधून स्वर देतात. तुम्ही सा रे ग म म्हणायला तोंड उघडाल, पण इथे सात नावं नाहीत, चारच आहेत, फा, सोल, ला आणि मी. सप्तक चढताना फा-सोल-ला, परत फा-सोल-ला, मग मी, आणि पुन्हा फा. पहिल्या रात्री सगळेच अडखळतात. तिसऱ्या रात्री त्यातली गंमत कळते, की 'मी' कुठे आहे हे सापडलं की बाकीचं घर आपोआप सापडतं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला चमत्कारिक वाटेल. चाल वरच्या आवाजात नाही. ती पुरुषांच्या मधल्या पट्टीत, टेनरमध्ये आहे. बायकांचा स्वर तिच्यावरून झालरीसारखा फिरतो आणि खाली बेस जमीन धरून राहतो. त्यामुळे बाजूला कोण बसलं आहे त्यावर तुम्हाला गाणं वेगळं ऐकू येतं. मुलांना ते चांगलंच माहीत आहे. शाळेची फी भरणाऱ्या आईबापांना वाटतं पोरं स्तोत्रं शिकताहेत, आणि पोरं शिकतातही. पण मेणबत्त्या विझवून घरी जाताना कोण कोणाबरोबर निघालं याच्याकडे मास्तर कानाडोळा करतात. या वयात नुसत्या भक्तीने कोणी कडाक्याच्या थंडीत चार कोस चालत येत नाही.

रविवारी हीच मंडळी सज्जात एकत्र बसायला मागतात. आता त्यांना चार स्वर एका वेळी लावता येतात, मग खाली आपापल्या घरच्या बाकावर बसून काय करायचं? इतर पंथांच्या चर्चमध्ये यावरून मतं पडली, रुसवेफुगवे झाले. तुम्ही सेंट पॉल्सच्या सज्जात चढा. जिना अरुंद आहे, डोकं सांभाळा. बोस्टनच्या सभेने परत पाठवलेलं ते लाकडी कपाट इथे भिंतीशी उभं आहे. मागे एक पोरगा भाता ओढतो आहे. त्याचं लक्ष खिडकीबाहेर आहे, आणि ते फार वेळ तिकडे राहिलं की स्वर खाली बसतो. वादक मान न वळवता बुटाने लाकडी चौकटीवर ठोकतो. स्वर पुन्हा उभा राहतो.

जुलै १७७६. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची बातमी गावात पोचली आहे. सेंट पॉल्सचे रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू, आहेत एडवर्ड बास. प्रार्थनापुस्तकात राजासाठी प्रार्थना छापलेल्या आहेत, आणि धर्मगुरूने दीक्षेच्या वेळी राजनिष्ठेची शपथ घेतलेली आहे. चर्चच्या पंचांनी त्यांना विनंती केली आहे की राजासाठीच्या प्रार्थना वगळा, नाहीतर देऊळ बंद पडेल. तुम्ही वरून बघताय. ती प्रार्थना यायची ती जागा येते. बास पुढची प्रार्थना वाचतात. एवढंच. खाली दोन-तीन डोकी वर होतात, पुन्हा खाली जातात. मग स्तोत्र, आणि स्तोत्रकर्त्या दावीद राजाबद्दल मात्र कोणाचाच आक्षेप नाही. लंडनहून बास यांना मिळणारं मानधन या कारणावरून थांबेल. बऱ्याच ठिकाणचे इंग्रज धर्मगुरू पळून गेले, हे राहिले. पुढे या देशातल्या अशा मंडळ्यांनी इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं होऊन एपिस्कोपल चर्च उभं केलं, आणि १७९७मध्ये बास मॅसॅच्युसेट्सचे पहिले बिशप झाले, तरी न्यूबरीपोर्टची ही मंडळी त्यांनी सोडली नाही.

याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या पंथाच्या, काँग्रिगेशनल मंडळींच्या उत्साहातून एक वाट आपल्या दाराशी येते. गॉर्डन हॉल यांनी १८१२च्या फेब्रुवारीत सेलममध्ये दीक्षा घेतली आणि पुढच्या फेब्रुवारीत ते मुंबईत होते. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. ऑर्गन नाकारणाऱ्यांचे हे वंशज. त्यांच्या मंडळ्यांमध्ये ऐंशी-नव्वद वर्षांनी नारायण वामन टिळक आले आणि त्यांनी अभंग, ओव्या आणि भजनं आणली, टाळासकट.

१८३६ साल मी झटकन ओलांडतो. न्यूबरीपोर्टनेही ऑर्गन विकला आणि तो वीसेक मैल उत्तरेला, न्यू हॅम्पशरमधल्या पोर्टस्मथच्या सेंट जॉन्स चर्चने घेतला. तोसुद्धा मुख्य देवळासाठी नव्हे, स्टेट स्ट्रीटवरच्या धाकट्या चॅपलसाठी. सव्वाशे वर्षांचं वाद्य, चौथे मालक, आणि त्यातही मागच्या खोलीची नोकरी. नंतर कधीतरी ते टेकडीवरच्या सेंट जॉन्सच्या सज्जात चढलं आणि तिथेच राहिलं.

तुम्हाला मी या टेकडीवर डिसेंबर १९४३मध्ये नेतो. मला इथे जरा जास्त वेळ बसायचं आहे. संध्याकाळचे सात. पिस्काटाक्वा नदी काळी आणि वेगवान. पलीकडच्या नौदलाच्या गोदीत पाणबुड्या बांधण्याचं काम तीन पाळ्यांत चालू आहे. वीस हजारांवर माणसं तिथे राबताहेत, आणि येत्या जानेवारीत एकाच दिवशी चार पाणबुड्या पाण्यात उतरणार आहेत. अंधारात चॅपल स्ट्रीट चढताना पाय जपून टाका. वर विटांचं देऊळ, १८०७चं. आधीचं लाकडी देऊळ १८०६च्या नाताळच्या आदल्या दिवशी गावच्या आगीत गेलं. बुरुजातली घंटा मूळची फ्रेंचांच्या लुईबर्ग किल्ल्यातून १७४५मध्ये लूट म्हणून आलेली. त्या आगीत ती पडली, आणि बोस्टनच्या पॉल रिव्हियरने पुन्हा ओतून दिली.

आज गुरुवार, क्वायरची तालीम. पुढे जी माणसं भेटतील त्यांची नावं विचारू नका. दप्तरात ऑर्गन कोणी कोणाला विकला ते मिळतं, आल्टो गाणाऱ्या बायकांची नावं मिळत नाहीत. ही मंडळी मी अशा शेकडो लहान देवळांवरून उभी केली आहेत.

सोप्रानो पाच, आल्टो तीन, बेस दोन. टेनर एक, तोही सत्तरीचा. बाकीचे टेनर कुठे आहेत हे विचारायची गरज नाही, मागच्या भिंतीवर सैन्यात गेलेल्यांची यादी टांगली आहे. एक बेस गोदीतून थेट आला आहे, हाताला ग्रीसचा वास, आणि पाळी बदलली तर पुढच्या गुरुवारी तो नसेल. गावाबाहेर राहणारी एक सोप्रानो शेजाऱ्याच्या गाडीतून आली, कारण पेट्रोल कुपनावर आहे. सगळ्यांनी कोट घातलेलेच आहेत. कोळसा रविवारसाठी राखून ठेवायचा. क्वायरमास्तर दिवसा शाळेत गणित शिकवतात. एन्स्टन नाच शिकवायचा, हे बेरीज-वजाबाकी शिकवतात.

पियानोवर तालीम सुरू होते ती स्तोत्राने. हा प्रकार बाहेरच्याला लवकर कळत नाही. स्तोत्र गद्य आहे, ओळी लांड्या-लांब. त्याला दहा स्वरसंघांची एक ठरलेली चाल, चार पहिल्या भागाला, सहा दुसऱ्याला. ओळीतले बहुतेक शब्द एकाच स्वरावर बोलायचे आणि शेवटचे चार-पाच तेवढे वळवायचे. मात्रा नाहीत, ताल नाही. अकरा माणसांनी एकाच वेळी बोलायचं, एकाच वेळी थांबायचं आणि एकाच वेळी वळायचं. मास्तर पहिल्यांदा गाऊ देतच नाहीत, नुसतं वाचून घेतात. "आधी बोला. माणसं बोलतात तसं बोला. घाई कसली आहे?" तिसऱ्या वाचनाला अकरा आवाज एकत्र श्वास घेतात आणि तुम्हाला अंगावर काटा आल्यासारखं होतं. न्यायाधीश स्यूअल इथे हवे होते.

मग नवं गीतपुस्तक. त्याच्यावर १९४० हे साल आहे, पण स्वरलिपीची आवृत्ती छापून यायला हे साल उजाडलं. सहाशे गीतं. पानं अजून करकरीत, एकमेकांना चिकटलेली. आणि इथेच भांडण. बेथलेहेमच्या लहानशा गावावरचं ते नाताळगीत सगळ्यांना तोंडपाठ, पण नव्या पुस्तकात त्याला दोन चाली दिल्या आहेत. एक नेहमीची, दुसरी संगीतकार व्हॉन विल्यम्सने एका इंग्रजी लोकगीतावरून बांधलेली. मास्तरांना दुसरी आवडते. आल्टोंमधल्या सर्वांत जुन्या बाई पुस्तक मिटून मांडीवर ठेवतात.

"ती पण छान आहे हो," त्या म्हणतात, "पण ती नाताळच्या रात्री नको."

मास्तर पियानोवरचे हात काढतात आणि गोष्ट सांगू लागतात. बहुतेकांना ती माहीत आहे, तुम्हाला नसेल. १८६८, फिलाडेल्फियाचं होली ट्रिनिटी चर्च. रेक्टर फिलिप्स ब्रुक्स यांनी रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी चार-पाच कडवी लिहिली. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते घोड्यावरून बेथलेहेमला गेले होते, ते मनात होतं. चाल लावायची होती ऑर्गनवादक लुईस रेडनर यांनी. रेडनर यांचा धंदा जमिनी-घरांची दलाली. शुक्रवारी ब्रुक्सनी विचारलं, झाली का? नाही. शनिवारी रात्रीपर्यंतही नाही. मध्यरात्री ते झोपेतून दचकून उठले, कानात चाल वाजत होती. ती कागदावर उतरवली, खालचे स्वर सकाळी चर्चला निघण्याआधी भरले. त्या एका नाताळापलीकडे ते गाणं टिकेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

"म्हणजे आपल्यासारख्याच माणसाने केलेलं," म्हातारा टेनर म्हणतो.

"आपल्यासारखा शनिवारपर्यंत काहीच न करणारा," मास्तर म्हणतात, आणि हशा पिकतो. शेवटी नाताळच्या रात्री रेडनर, आणि त्याच्या पुढच्या रविवारी दुसरी चाल, असा तह होतो. लहान देवळांतले संगीतविषयक निर्णय असेच होतात. सौंदर्यशास्त्राला तिथे एक मत असतं, आणि जी बाई चाळीस वर्षं एकही गुरुवार चुकवत नाही तिला तीन.

तालीम संपता संपता एक पोरगी विचारते की सज्जातला तो छोटा ऑर्गन अजून वाजतो का. गोदीतला बेस दिवा घेऊन तिला वर नेतो, तुम्हीही जा. दारं उघडल्यावर आत नळ्या दिसतात, काही धातूच्या, काही लाकडी, लाकूड हाताळून काळपट झालेलं. माणूस यंत्रं जोडणारा, त्याला सूर कमी आणि सांधे जास्त दिसतात. तो सांध्यांवरून बोट फिरवतो आणि म्हणतो की ज्याने केलं त्याने काम चोख केलं आहे. मुलगी पट्टी दाबते. भाता कोणी ओढत नाहीये, त्यामुळे नुसतीच लाकडाची 'टक'.

रविवारी मागच्या टेबलावर पाव मांडलेले असतात. गावातल्या ॲटकिन्सन नावाच्या जुन्या धनिकाने मृत्युपत्रात पैसे ठेवले, त्यातून गरजूंना पाव वाटायची इथली रीत आहे. क्वायर त्या टेबलाजवळून रांगेने आत येतो. काळा झगा, त्यावर पांढरा सदरा, आणि झग्याखाली कोणाचे बर्फाचे बूट तर कोणाचे गोदीतले. अकरा माणसांपैकी आज नऊ आहेत. तुम्ही मागच्या बाकावर गीतपुस्तकात बोट घालून उभे राहता, आणि पहिल्याच ओळीत लक्षात येतं की देऊळभर सगळेच गाताहेत. त्यांना सूर देणं हेच पुढच्या नऊ जणांचं काम आहे.

आणि आता आजचा एखादा रविवार. गीतपुस्तक १९८२चं, गीतं सातशे वीस. ब्रॅटल ऑर्गन सज्जात आहे, अमेरिकेत अजून वाजणाऱ्या सर्वांत जुन्या ऑर्गनांमध्ये त्याची गणती होते, आणि खास प्रसंगी तो वाजवतात. उपासना संपली की अशा कुठल्याही लहान चर्चमध्ये मागच्या दालनात कॉफी असते. तुम्ही परके आहात हे लगेच कळतं. कागदी कप हातात देणाऱ्या बाई आधी गाव विचारतात, मग देश, आणि तिसरा प्रश्न येतो तो असा की तुम्ही गाता का. थोडंसं, असं चुकूनसुद्धा म्हणू नका. म्हणालात तर कॉफी संपायच्या आत कोणीतरी तुमच्या उंचीचा झगा शोधून आणेल. त्याच्या गळ्याला आतून दुसऱ्याच कोणाच्या नावाची फीत शिवलेली असेल, आणि तुम्हाला सांगण्यात येईल की तालीम गुरुवारी साडेसातला, टेनर कमी आहेत, आणि वाचता येत नसलं तरी चालेल, शेजारच्याच्या मागोमाग जा.